खिसेबाईच्या कोऱ्या जागा

सुईत दोरा ओवायला लेकीने डोळे बारीक केले, आणि नेमकी तेव्हाच वडिलांनी हातातली वही तिच्यापुढे सरकवली.

"बोला विदुषी, आता खिसेबाई काय म्हणेल?"

"बाबा, तुमच्याच सदऱ्याचं बटण लावतेय. थांबा ना जरा."

"मी थांबेन गं. हेर दारात उभा आहे, त्याची गाडी सुटेल."

वडिलांच्या हेरकथामालेचं हे सत्ताविसावं पुस्तक. हेर दर वेळी नवं नाव घेऊन परमुलखात जायचा, आणि निघण्याआधी कचेरीच्या तळघरात खिसेबाईपुढे उभा राहायचा. त्याचे खिसे उलटे करून जुनं तिकीट, धुलाईची पावती, ओळख पटेल असं काहीही काढून घ्यायचं, एवढंच तिचं काम. पुस्तकात तिच्या वाट्याला जेमतेम दोन पानं यायची. पण वाचकांची निम्मी पत्रं तिची ख्यालीखुशाली विचारणारी असत.

"काय सापडलंय खिशात?"

"त्याच्या मुलीने काढलेलं चित्र."

"त्याला मुलगी कधी झाली?"

"मागच्या पुस्तकात. तू वाचशील तर कळेल ना!"

तिने दोरा दाताने तोडला. "म्हणेल, 'चित्र राहू दे माझ्याकडे. पण न्यायला स्वतः यायचं, माणूस पाठवायचा नाही.'"

वडील मनापासून हसले. लिहिलं मात्र काहीच नाही. वहीत तीन ओळी कोऱ्या सोडून ते पुढे गेले. ती शाळेत असल्यापासूनची ही पद्धत. तिची वाक्यं ते डोक्यात ठेवत आणि सगळं पुस्तक झालं की एका बैठकीत त्या जागा भरून वही छापायला देत. एकदा 'पुस्तकावर तुझंही नाव घालू या' म्हणाले होते. कॉलेजात जाडजूड, गंभीर कादंबऱ्या शिकवणाऱ्या लेकीने असा चेहरा केला, की विषय तिथेच मिटला.

सहा आठवड्यांनी पुस्तक संपलं. "उद्या बसतो जागा भरायला," असं म्हणून ते झोपले. सकाळी ती हाक मारायला गेली, तेव्हा सगळं संपलं होतं.

वही कपाटातून काढून तिने न उघडताच प्रकाशनसंस्थेत पाठवली. महिन्याने संपादकांचा फोन आला. ती गेली तेव्हा त्यांनी खुर्चीवरचे मुद्रितांचे गठ्ठे उचलून तिला बसायला जागा करून दिली आणि ते चष्मा पुसू लागले.

"ताई, कसं सांगू... कथा पूर्ण आहे. हेर सुखरूप परत येतो. पण खिसेबाईच्या तोंडी एक शब्द नाही. जिथे ती बोलणार, तिथे कोरी जागा. आणि हे शेवटचं प्रकरण बघा."

तिने वाचलं. 'आयुष्यात पहिल्यांदाच खिसेबाई तळघराच्या पायऱ्या चढून वर आली.' एवढं एकच वाक्य. पुढे चौदा पानं कोरी होती. या प्रकरणाबद्दल वडील तिच्याशी कधी अवाक्षर बोलले नव्हते.

"शेवटी शेवटी त्यांना सुचत नसावं," संपादक हळूच म्हणाले. "आम्ही तिला गाळतोय. प्रस्तावनेत लिहू, की वयोमानाने स्मरणशक्ती..."

"तसं छापू नका."

"मग काय छापू, ताई? सव्वीस पुस्तकांत असं कधी झालं नव्हतं."

तिने कोऱ्या पानांवरून हात फिरवला. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात वडिलांनी पृष्ठांक घातले होते, एकही न चुकता.

"प्रत्येक वेळी झालंय. तुमच्याकडे वही यायची ती भरून. त्यांचं डोकं शेवटच्या दिवसापर्यंत लख्ख होतं. त्या ओळी त्यांच्या नव्हत्याच."

"मग कुणाच्या?"

संपादकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. पलीकडच्या टेबलावरची मुद्रितं तपासणारी बाईही वाचायची थांबली.

"माझ्या," ती म्हणाली. आवाज वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "पहिल्या पुस्तकापासून. मला लाज वाटायची, म्हणून बाबांनी कुणाला कळू दिलं नाही. ही चौदा पानंही माझीच आहेत. मला महिनाभर द्या."