धनीबाईच्या तीन चांगल्या गोष्टी

या, थोडं पुढं सरकून बसा. मागच्या भिंतीला टेकून बसलेल्यांनीही यावं, कारण ही कथा मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही. राजा-राणी नाही हिच्यात, चमत्कारही नाही. एका तांड्यावरची बाई आहे, तिची सून आहे आणि दोनशे पानांची एक वही आहे. पण देव अशाच घरांच्या ओसरीवर येऊन बसतो असं आपण मानतो ना? मग ऐका.

"लिही," धनीबाई म्हणाली.

रीतानं पेनाचं टोपण काढलं. सातवा महिना लागलेला, वही मांडीवर ठरत नव्हती, म्हणून तिनं ती उपड्या परातीवर टेकवली होती. दिवे लागायची वेळ होती. जऊळक्याहून सुटलेल्या गाडीची शिटी लांबून ऐकू आली आणि विरली.

"नळाले पानी आलं. अर्धा घंटा जास्त आलं."

रीतानं लिहिलं. "दुसरी?"

"दुर्गाबाईच्या नातवानं आज खिचडी मांगून खाल्ली. चार दिवसांपासून तोंड फिरवे थो."

"तिसरी?"

धनीबाईची नजर सुनेच्या पोटापर्यंत गेली आणि विस्तवाला हात लागावा तशी मागं फिरली. अंगणात बांधलेल्या बकरीवर ती येऊन थांबली.

"बकरीचा पाय बरा झाला. टेकवून राह्यली आता."

रीतानं बकरीही लिहिली, वही मिटली आणि आत गेली. ती गेल्यावर धनीबाईनं देवळीतली काजळाची डबी काढली, करंगळी बुडवली आणि त्या पानाच्या कोपऱ्यात एक ठिपका टेकवला. चांगलं म्हणून लिहिलेलं असं उघडं कसं ठेवायचं?

आता ही वही आली कुठून, ते सांगायला हवं. धनीबाई तांड्यावरच्या अंगणवाडीत मदतनीस. एकोणीस वर्षं तिनं खिचडी शिजवली, नाकं पुसली, वजनकाट्याच्या झोळीत रडणारी पोरं ठेवली. एखाद्याचं वजन छान भरलं तरी ती आईला "बरं हाये" एवढंच सांगायची. चुकून कौतुक झालंच, तर लगेच पोराच्या गालावर काजळाचं बोट टेकवायची. पण गेल्या वर्षभरात तिची छाती अधूनमधून धडधडू लागली होती. हाताला कंप, झोप नाही. वाशीमच्या दवाखान्यात छातीला तारा लावून कागदावर रेघा काढून पाहिल्या; डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, बाईंना काळजी लागली आहे.

मग उपकेंद्रावर रंजीता यायला लागली. मन बरं ठेवण्याचे व्यायाम शिकवणारी, पंचविशीतली, चष्मेवाली मुलगी. तिनं अंगणवाडीच्या बायांना गोल बसवून श्वास मोजायला लावला. मग प्रत्येकीला एकेक वही दिली. रोज संध्याकाळी दिवसभरातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या आणि त्या का घडल्या याचा थोडा विचार करायचा, एवढंच.

"माह्या घरी तं एकच चांगली गोष्ट झाली," शेजारची दुर्गाबाई म्हणाली. "बुढा दोन दिवस पाहुनपनाले गेला."

"तीन पाहिजे मावशी," रंजीता हसत म्हणाली.

"मंग तीन दिवस पाठोतो थ्याले."

सगळ्या हसल्या. धनीबाई हसली नाही. तिला लिहिता येत नव्हतं, पण अडचण ती नव्हती. लिहायला रीता होती, दहावी पास, मोत्यासारखं अक्षर. अडचण अशी होती, की चांगली गोष्ट तोंडानं उच्चारायची म्हटलं की तिला दृष्टीची धास्ती वाटायची. तरी तिनं वाट काढली. नळ, बकरी, खिचडी. ज्यांना दृष्ट लागली तरी निभावून जाईल, अशा गोष्टी ती सांगायची. छातीची धडधडही जरा उतरली होती. औषध लागू पडतंय म्हणायचं.

अठराव्या दिवशी रंजीता घरी आली. वही चाळली, ठिपके पाहून गोंधळली. रीता चहा घेऊन आली तेव्हा रंजीतानं सहज विचारलं, "मावशी, इतकं सगळं लिहिलंत, पण सुनेचं काहीच नाही यात?"

पोरीनं नेमकं तिथंच बोट ठेवलं, आणि तेही भर अंगणात, शेजारच्या बाया बसलेल्या असताना. ते बोलणं तिथल्या तिथं मोडून टाकायचं म्हणून धनीबाई घाईनं बोलून गेली, "तिचं काय लिहाचं? तिच्यात काय हाये लिहन्यासारखं?"

रीतानं कप खाली ठेवले. एक कलंडला. तिनं तो सरळ केला आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी नऊच्या सुमारास दारात ऑटो येऊन उभा राहिला. रिठदकडच्या तांड्यावरून रीताचा भाऊ आपला ऑटो घेऊन आला होता, नवीन त्याचं नाव. रीता कपड्यांची पिशवी घेऊन बाहेर आली, सासूच्या पाया पडली आणि वही तिच्या हातात दिली.

"घ्या याडी. पुढचं दुर्गाकाकूच्या नातीकडून लिहून घेत जा." याडी म्हणजे आई, त्या घरात सासूलाही तेच म्हणत.

"कुठी चालली?"

"माहेरी."

"बाळंतपनाले अजून येळ हाये. डॉक्टरनं काय सांगतलं, खड्ड्याच्या रस्त्यानं हिंडू नोको मनून. राजपालले इचारलं?" राजपाल म्हणजे धनीबाईचा मुलगा, पुण्याकडं एका इमारतीच्या कामावर होता.

"सांगतलं थ्याईले. तुह्या मनानं कर म्हने."

"मावशी, मी हळू चालवीन ना," नवीन म्हणाला. "तिकडून येतानाच पाहून घेतला रस्ता. पुलापाशी तेवढं उतरवून घेतो तिले."

पूल म्हटल्यावर धनीबाईच्या डोळ्यापुढं तो फुटका पूल आला, त्यावर हिंदकळणारा ऑटो आला. छाती धाडधाड वाजू लागली. रंजीतानं शिकवलं होतं तसं तिनं चार मोजत श्वास आत घेतला. दोनवरच तो संपला.

"काहून पन, रीता? काय कमी पडलं तुले?"

रीता पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "अठरा दिवस झाले याडी. चोपन्न गोष्टी लिहिल्या म्या, माह्या हातानं. बकरी तीनदा हाये. दुर्गाकाकूचा नातू दोनदा हाये. मी एकदाबी नाई. माह्या पोटातलं एकदाबी नाई. रोज वाटे, आज तिसरी मी असन. काल तं तुमी सगळ्याईपुढं सांगूनच टाकलं."

ती वळली आणि ऑटोत जाऊन बसली.

धनीबाई ओसरीच्या खांबाला धरून उभी. पोरीला कसं थांबवायचं? रागावून थांबणारी ती नव्हती. आणि खरं बोलावं तर ते बोलण्याचीच तर भीती. चांगल्या कीर्तनात बुवा एखादा शब्द ओठांवर धरून ठेवतात, सभा श्वास रोखते, आणि तो शब्द सुटेपर्यंत पखवाजही थांबतो. तशी ती थांबली होती. फरक एवढाच, की तिला तो शब्द सोडायचा धीर नव्हता.

नवीननं किल्ली फिरवली.

धनीबाई वहाणासुद्धा न घालता अंगण ओलांडून गेली आणि ऑटोत रीताच्या शेजारी चढून बसली.

"बाबू, बंद कर गाडी. दुर्गाबाईच्या घरी जा, चहा घे. म्या सांगतलं मनून सांग."

नवीननं बहिणीकडं पाहिलं, किल्ली काढली आणि निघून गेला.

दोघी त्या उभ्या ऑटोत बसून राहिल्या. समोरच्या आरशाला लिंबू-मिरची बांधलेली होती. धनीबाई त्या लिंबू-मिरचीकडंच पाहत बोलू लागली.

"दीड वर्ष झालं. वजनाचा दिवस होता. तुले आठवा लागला होता. म्या सगळ्या बायाईत उभी राहून म्हनली, यंदा माह्या घरी सगळं चांगलं हाये. सून लाखात एक हाये, लेकरू तिच्यासारखंच होईन. अशी हसून म्हनली. काजळ नाई, मीठ नाई, काही नाई. अन् आठव्या दिवशी..." तिनं पदर तोंडावर दाबला. "माह्या जिभेनं खाल्लं थ्याले. मनून मी तुहं नाव काढत नाई. कायले मले सांगायले लावता तुमी सगळ्या."

रीतानं बोटाला गुंडाळलेला पिशवीचा बंद सोडला.

"मले वाटे," ती म्हणाली, "म्या त्या दिवशी हांडा उचलला मनून झालं."

"हांडा? कोन म्हनलं तुले असं?"

"कोनीच नाई. थ्याच्याबद्दल कोनी काहीच नाई म्हनलं याडी. मी शुद्धीवर आली तं तुमी लोकं माती देऊन आले होते. आल्यावर घरातला पाळना दिसला नाई. झबले दिसले नाई. जसं काही झालंच नाई." तिनं पहिल्यांदा सासूकडं वळून पाहिलं. "तुमी पाह्यला ना थ्याले?"

"पाह्यला."

"कसा होता?"

दीड वर्ष एक बाई हा प्रश्न गिळून बसली होती, आणि दीड वर्ष दुसरी त्याचं उत्तर गिळून बसली होती. एकाच चुलीपुढं, एकाच परातीत भाकरी थापत. काय म्हणावं माणसाच्या मायेला!

"सावळा होता," धनीबाई म्हणाली. "तुह्यावानी. कानावर केस होते, बारीक बारीक. नर्सनं माह्या मांडीवर देल्ला. लई लहान, पन म्या बोट लावलं तं धरलं थ्यानं. असं घट्ट धरलं बाई, की नर्स म्हने, आजी, सोडवा आता, काचेत ठेवाचा हाये. मले सोडवता येईना. दुपारी दोन वाजेपर्यंत होता."

"रडला?"

"एकदा. मोठ्यानं. बाहीर राजपालले ऐकू गेलं."

रीताच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चेहरा मोकळा होत गेला, कोणीतरी हरवलेली वस्तू हातात आणून द्यावी तसा. "रडला थो," ती स्वतःशीच म्हणाली. "मोठ्यानं रडला."

धनीबाईनं दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरले. अजून एक राहिलं होतं. तिनं इकडंतिकडं पाहिलं. वाटेवर दोन-तीन माणसं होती, दुर्गाबाई दारात उभी राहून इकडंच बघत होती. आवाज खाली न आणता ती म्हणाली,

"तू माह्या घरात आली, थे चांगलं झालं. लई चांगलं झालं."

बोलून ती डोळे गच्च मिटून बसली. काही झालं नाही. कुठंतरी कोंबडी ओरडली, दुर्गाबाईच्या घरात कपबशी वाजली.

"पोटातल्याचं नोको इचारू," ती डोळे न उघडताच म्हणाली. "थे नाई बोलवत मले. अजून नाई जमत."

"नोका बोलू," रीता म्हणाली. "मी नाई इचारत."

नवीन चहा पिऊन परत आला तेव्हा बहीण ऑटोतून उतरत होती. सासूनं एका हातात पिशवी घेतली होती आणि दुसऱ्यानं तिचा दंड धरला होता. पायरीपाशी दोघी थांबल्या, आधी रीतानं पाय टाकला, मग धनीबाईनं.

"दादा, आईले सांगजो, तिलेच इकडे ये म्हना," रीता म्हणाली. "मी हाये इथीच."

ऑटो रिकामा परत गेला.

तर इतकीच कथा. रीताचे दिवस अजून भरायचे आहेत. ते कसे भरतील ते त्या विठ्ठलाला ठाऊक. आपणही धनीबाईसारखं त्याबद्दल आज काही बोलू नये. पण माझं एक मागणं आहे. आरती झाली, प्रसाद वाटला, की घरी जाताना वाटेत कुठंतरी त्या मुलाची आठवण करा. नाव विचाराल तर नाव ठेवायला वेळच मिळाला नाही. सकाळपासून दुपारी दोनपर्यंत तो या जगात होता, सावळा होता, कानावर केस होते. आणि एकदा तो मोठ्यानं रडला होता.