पन्नास पावलं पुढे

"बसायचं नाही. उठा, चला," म्हणत तो दमलेल्या माणसाच्या काखेत हात घालायचा आणि त्याला चालायला लावायचा. म्हणून सगळे त्याला चलाकाका म्हणत. मैदानाचा शिपाई. फक्कीच्या रेघा मारायच्या, अडथळे उचलायचे आणि शर्यत असली की अंतिम रेषेच्या पन्नास पावलं पुढे उभं राहून येईल त्याला श्वास जागेवर येईपर्यंत चालवायचं. पूर्वी एक मुलगी धावून आली, जागीच थांबली आणि धाडकन कोसळली. तेव्हापासून हे काम त्यानं आपण होऊन अंगावर घेतलं होतं. कुणी दिलेलं नसल्यामुळे ते कुणाला काढूनही घेता येईना.

मी रेषेपाशी घड्याळ घेऊन बसतो. चोवीस वर्षं झाली. चलाकाकानं एकही शर्यत संपताना धड बघितलेली नाही. पोटच्या पोरीचीसुद्धा नाही.

त्या शनिवारी ती शेवटची धावणार होती. सोमवारपासून गोदामात नोकरी, पहाटेची पाळी, म्हणजे सराव बंद. आदल्या दिवशी माझ्यादेखत तिनं बापाला अडवलं.

"बाबा, उद्या तरी रेषेपाशी बसा. मला पोहोचताना एकदा बघा. परत काही मी धावणार नाही."

"मग यांना चालवणार कोण?"

"पाणीवाला चालवेल," मी मध्येच तोंड घातलं. "त्याचे पाय काही झिजणार नाहीत."

काका कबूल झाला. शनिवारी इस्त्रीचा सदरा घालून माझ्या शेजारी येऊन बसला. हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. शेवटच्या फेरीत पोरगी चौथी होती. पहिली आलेली मुलगी रेषा ओलांडून चार पावलं गेली आणि मटकन खाली बसली, डोकं गुडघ्यात. पाणीवाला तिचा फोटो काढत होता. गाढव कुठला.

काकानं तिच्याकडे बघितलं. मग वळणावरून येणाऱ्या लेकीकडे.

"बसा हो, उठेल ती," मी म्हणालो.

"पांढरी पडलीय," एवढं बोलून तो गेला. त्यानं तिला उभं केलं, चालवत पुढे नेलं. त्याच्या पाठीमागे, शेवटच्या दहा पावलांत, त्याच्या लेकीनं तिसरीला मागे टाकलं. मला त्या माणसाचा भयंकर राग आला.

ती तशीच त्याच्यापर्यंत पोहोचली.

"तिसरी आले. बघितलंत?"

"नाही गं. पाठ होती माझी." तो थांबला नाही. "फार वाईट वाटतंय मला."

ती जागीच थांबली.

"उभी राहू नकोस. चाल."

ती चालायला लागली. थोड्या वेळानं पहिलीच्या चेहऱ्यावर रंग आला आणि ती पदक घ्यायला गेली. हे दोघं फेरी घालत राहिले. कर्ण्यावरून तिसरीला दोनदा बोलावणं झालं. तिची धाप केव्हाच ओसरली होती, मला इथूनही दिसत होतं. तिनं सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही.