विनीच्या नवऱ्याचं मत

मार्चमधल्या पहिल्या मंगळवारी अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या त्या गावची गावसभा शाळेच्या व्यायामशाळेत भरते. गावाचा खर्च गावानेच तिथे ओरडून ठरवायचा. विनी गुडेल शाळा समितीची अध्यक्ष. यंदा घरपट्टी थोडी वाढवली नाही तर वरचे दोन वर्ग बंद होणार आणि ती पोरं बसमध्ये बसून डोंगरापलीकडे जाणार, हे तिने हिवाळाभर दारोदार फिरून सांगितलं होतं. लोकांनी कॉफी पाजली, माना डोलावल्या, अंगावर येणारं कुत्रं मात्र कुणी बांधलं नाही.

सकाळ सगळी बर्फ लोटायच्या ट्रकने खाल्ली. नवा घ्यावा की वापरलेला?

"आत्ताच्या ट्रकचं माझ्या पहिल्या बायकोसारखं आहे," एल्मर कोल्बी म्हणाला. "थंडीत उठायचं म्हटलं की कण्हतो."

गाव हसलं आणि त्या आनंदात आणखी तासभर ट्रकवरच बोललं.

शेवटी शाळेचा ठराव वाचला गेला. विनी बोलायला उठते न उठते तोच कोल्बी म्हणाला, "चर्चा पुरे. मत घ्या. घेवड्याचा वास सुटलाय."

पोटाला पटणारी सूचना चटकन मंजूर होते. विनीने मागे वळून पाहिलं. पालकांच्या खुर्च्या रिकाम्या! सभेचं जेवण शाळेतल्या पालकांनी रांधायचं आणि त्या पैशातून पोरांची सहल काढायची, अशी गावची रीत. म्हणजे शाळेच्या बाजूची मतं नेमकी स्वयंपाकघरात घेवडा ढवळत होती. दरवर्षी हेच होई, आणि पुढच्या वर्षी असं होऊ द्यायचं नाही हेही दरवर्षी ठरे.

"बर्डिकसाहेब, जरा थांबा!"

"चर्चा संपली, विनी," सभापती बर्डिक म्हणाले. "ठरावाच्या बाजूने?"

पातळसा 'हो' आला.

"विरुद्ध?"

"नाही!" यातला सगळ्यात खणखणीत 'नाही' विनीच्या उजव्या कानात शिरला. तिथे तिचा नवरा बसला होता.

"ठराव फेटाळला."

विनी स्वयंपाकघराकडे धावली. "मत झालं! हरलो आपण!"

"झालं?" टॅमी लाफ्लॅम डाव हातात घेऊन वळली. "अगं, मग हाक नाही का मारायची? पाव भट्टीत आहेत!"

"पाव मरू देत! बाहेर या सगळे!"

सगळे बाहेर आले खरे, पण बर्डिक नियमाचा पक्का माणूस. "फेरविचार होऊ शकतो," ते म्हणाले. "पण तो जिंकलेल्या बाजूच्या माणसाने मागायचा. तोही पुढचा ठराव वाचायच्या आत." आणि त्यांनी चष्मा चढवला.

जिंकलेली बाजू कोल्बीच्या भोवती बसली होती. तिथून कोण उठणार? विनी आपल्या खुर्चीपाशी परतली.

"ऑर्विल, ऊठ."

"मी विरुद्ध मत दिलंय."

"ऐकलं मी. अजून कान वाजतोय. म्हणूनच ऊठ."

"आपल्या कोठाराची घरपट्टी किती झालीये ठाऊक आहे का तुला?"

"त्याचा अर्ज मीच भरते, ऑर्विल!"

"पुन्हा मत घेतलं तर मी पुन्हा विरुद्धच देणार. आधीच सांगतो."

"दे. गळा फाडून दे. पण आत्ता ऊठ!"

बर्डिकनी पुढच्या ठरावाचा पहिला शब्द उच्चारायला तोंड उघडलं, तेवढ्यात ऑर्विल सावकाश उठला. आधी त्याने विजार वर ओढली. "मी फेरविचार मागतो."

"अरे, तू आमच्यातला ना?" कोल्बी ओरडला.

"आहेच की."

या वेळी आवाजावर भागलं नाही. ठरावाच्या बाजूचे खिडकीकडे, विरुद्धचे रंगमंचाकडे, अशी विभागणी झाली. एप्रन घातलेला जथा खिडकीकडे गेला. ऑर्विल शब्दाला जागून कोल्बीशेजारी जाऊन उभा राहिला. बर्डिकनी डोकी मोजली, पुन्हा मोजली, आणि ठराव निसटता का होईना मंजूर झाला.

विनी खुर्चीत कोसळली. मुख्याध्यापिका डोळे पुसत आल्या, तिच्या शेजारून पुढे गेल्या आणि त्यांनी ऑर्विलचे दोन्ही हात धरले.

"तुम्ही उठला नसतात तर शाळा बुडाली होती! मुलं तुमच्यासाठी गाणं बसवणार आहेत."

"त्यात काय एवढं," ऑर्विल टोपी काढून म्हणाला. "गावासाठी करावं लागतं माणसाला."

पालकांनी त्याला रांग मोडून पहिलं ताट दिलं. विनी रांगेत कोल्बीच्या मागे उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा घेवड्याच्या तळाशी डाव खरवडत टॅमी म्हणाली, "नवऱ्याला जप हं, विनी. अशी माणसं आता गावात राहिली नाहीत."