कडेवर घेणारं अस्वल

मी अस्वल बोलतोय. दचकू नका, माझं नुसतं डोकंच आहे. खालचं अंग म्हणजे काळी घोंगडी. बोलतोय खरा, पण तुमच्यावरही माझा भरवसा नाही, हे आधीच सांगून ठेवतो. जन्मभर दोन बारीक भोकांतून जग पाहिलेल्यानं कुणावर भरवसा ठेवावा?

कडेगावच्या बाजूला आमचं गाव. तिथल्या तात्याबानं कागदाचा लगदा, चिंचोक्याची खळ आणि कसर लागू नये म्हणून मेथीची पूड कालवून मला घडवलं. मार्गशीर्षातल्या जत्रेत सोंगांची मिरवणूक निघते, देवळापासून चावडीपर्यंत. हलगीवाल्याचा हात बसतो न बसतो तोच संपते. पुढं राक्षस, मग वाघ, शेवटी मी. आया तान्ही पोरं माझ्या हातात देतात. अस्वलानं उचललेलं पोर पुढं कशाला भीत नाही, असं गाव मानतं.

माझा मान तात्याबाच्या घराचा. घरच्याच माणसानं मला घालायचं, वाटेत बोलायचं नाही आणि चावडी येईतो मला उतरवायचं नाही. घरचं कुणी उभं राहिलं नाही, तर मान शेजारच्या लालासाहेबांकडे जाणार. ते जत्रेच्या तोंडावर येऊन माझ्यावरून मायेनं हात फिरवायचे. त्या हाताला मी कधी भुललो नाही.

तात्याबा गेल्यावर त्याचा मुलगा गुंडा पलटणीतून रजेवर येऊन मला घालायचा. एकाहत्तर साली लढाई पेटली आणि रजा बंद झाल्या. घरी उरल्या त्याची आई अंबूबाई आणि बायको अंजना. लालासाहेब लगेच हजर. म्हणाले, पोरगा लढाईवर आहे, यंदा मान आम्ही सांभाळतो. सांभाळतो म्हणे!

जत्रेच्या दिवशी अंजनानं मला माळ्यावरून काढलं, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. ही मला मुकाट्यानं शेजारी नेऊन देणार, असंच वाटलं. पण तिनं दार लावलं, केस घट्ट बांधले आणि गुंडाची विजार चढवली. बाईनं सोंग घेतलेलं आमच्या गावानं कधी पाहिलं नव्हतं. सासू बघतच राहिली.

"आवं आत्याबाई," अंजना म्हणाली, "ते येत्याल तवा अस्वल दुसऱ्याच्या घरात दिसाया नगं."

अंबूबाईंनी घोंगडी पुढं केली.

मिरवणूक निघाली. आत कोण, असं विचारणाऱ्याला अंबूबाई एवढंच सांगत होत्या की घरचं माणूस आहे. लालासाहेब माझ्या बाजूनं चालत होते आणि त्यांची नजर पायांवरून हटत नव्हती. अंजनाचा श्वास मला आतून भाजत होता.

अर्ध्या वाटेत बनुबाईनं आपलं तान्हं पुढं केलं. गडीमाणूस पोराला दोन्ही हातांत लांब धरतो आणि गडबडीनं परत देतो. गुंडाही तेच करायचा. अंजनानं मात्र बाईच्या सवयीनं तान्ह्याला झटकन कडेवर बसवलं आणि चालू लागली. पोर रडलं नाही. हलगी थांबली. मी म्हटलं, बुडालो.

"आत बाई हाय," लालासाहेब म्हणाले. "काढा डोकं." आणि त्यांनी माझा कान धरला.

अंबूबाई मध्ये येऊन उभ्या राहिल्या. आवाज चढला नाही.

"चावडी आली न्हाई अजून. काढायचं तर काढा. पन गुंडा आला की तुमीच सांगा त्याला, तू लढाईवर हुतास, तवा तुजं अस्वल आमी वाटंत सोललं म्हणून."

कान सुटला, जरासा फाटूनच. मग बनुबाईमागनं दुसरी आई पोर घेऊन पुढं आली, तिच्यामागनं तिसरी. हलगी पुन्हा वाजू लागली. अंजना आत रडत होती, हे फक्त मला कळलं.

शिमग्याला गुंडा सुखरूप घरी आला. पुढच्या जत्रेत त्यानं मला घातलं आणि पोर लांब धरलं, तर ते किंचाळून उठलं. बायाच म्हणाल्या, असं नाही, कडेवर घ्या. तेव्हापासून तसंच चाललंय.

आता माझा रंग उडालाय, कानाला ठिगळ आहे. पुढं जो कुणी मला घालेल, त्याला माझं एकच सांगणं आहे. पोर कडेवर घे, बाबा. नाहीतर गावाला संशय येईल, की आत कुणीतरी भलतंच आहे.