पाळीवरचा पिंपळ

"काय बघतोयस रे एवढं त्या पाण्यात?" इंदिराकाकूंनी मागच्या दारातून विचारलं.

गोपीनाथ लांभाते त्यांच्या घरामागे उकिडवा बसला होता. पाळीच्या पायथ्याशी, न्हाणीच्या दगडाला लागून, जमिनीतून पाण्याचा बारीक झरा बुडबुडत होता. त्यानं ओंजळ भरली आणि उजेडाकडे धरली. पाणी चहाच्या रंगाचं होतं. नितळ पाणी पाझरलं तर भिण्याचं कारण नसतं. गढूळ आलं म्हणजे पाळीची माती आतून वाहून चालली आहे, हे त्याला नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यातच शिकवलं होतं.

"काही नाही काकू. अभी पोती लावून घेतो," तो म्हणाला. वर पाळीकडे बघायचं त्यानं टाळलं. वर बरोब्बर कोणती जागा आहे, हे त्याला डोळे मिटूनही सांगता आलं असतं.

इंदुरात छत्रीबागेच्या खालच्या अंगाला खान नदी वळते, तिथं काठाने मातीचा बांध आहे. वस्तीतले त्याला पाळ म्हणतात. एरवी खान म्हणजे काय, गुडघाभर काळं पाणी. माणसं नाक दाबून पूल ओलांडतात. पण वरच्या अंगाला दोन दिवस धो धो पडला की हीच नदी अंगात आल्यासारखी चढते, आणि ती नि पाळीखालची गल्ली यांच्यामध्ये ही पाळ तेवढी उरते. गोपीनाथ या पाळीवरचा मेट. हाताखाली दोन-चार मजूर घ्यायचे, पाळीवर हरळी राखायची, घुशींची बिळं बुजवायची, खचलेल्या जागी माती भरून धुम्मस मारायची. आणि पाळीवर झाड म्हणून उगवू द्यायचं नाही.

या बाबतीत गडी भलता खडूस. कुणी भोपळ्याचा वेल चढवला, उपटला. कुणी बकरीचा खुंटा ठोकला, काढून फेकला. इंदिराकाकूंनी एकदा उतारावर शेवगा लावला होता, चांगला शेंगांवर आलेला. यानं तो मुळासकट खणून काढला. काकू दारात उभ्या राहून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या, आणि हा मान खाली घालून करंगळीएवढी मुळंसुद्धा वेचून काढत होता. शेवटी एवढंच म्हणाला, की काकू, झाड गेलं तरी मूळ आत कुजतं, त्याची नळी होते, आणि नदीला तेवढी नळी पुरते. काकूंनी पुढे कितीतरी दिवस त्याच्याशी अबोला धरला होता.

आणि असल्या माणसाच्या नाकाखाली, पाळीच्या ऐन छातीवर, पिंपळ वाढला.

पुष्कर त्याचा एकुलता एक मुलगा. कॉलेजात होता. बायपासवर ट्रकनं उडवला आणि दवाखान्यात पोचेपर्यंतही टिकला नाही. माणूस गेला की दहा दिवस पिंपळाला घट बांधायचा, ही रीत इंदूरच्या मराठी घरांत कधी शिरली कोण जाणे. इकडच्या लोकांचं बघून आपणही करू लागलो. मातीचं मडकं, बुडाला भोक, त्यात दर्भाची काडी. पाणी थेंब थेंब गळत राहतं. गेलेल्याला वाटेत तहान लागू नये, एवढंच त्यातलं मर्म. गोपीनाथला त्या दिवसांत लांब जायचं त्राण नव्हतं. पाळीवर पिंपळाचं कमरेएवढं रोप आलं होतं, उपटायचं म्हणून त्यानं हेरून ठेवलेलं. त्यानं शेजारी बांबू रोवला, बांबूला घट बांधला आणि पाणी त्या रोपाच्या मुळाशी पडू दिलं. अकराव्या दिवशी बांबू काढला, मग रोपाकडे वळला, तर पलीकडे त्याची बायको सुहासिनी तांब्या घेऊन उभी. तो तसाच घरी आला.

मग राहिलं ते राहिलं. रोपाचं झाड झालं. कुणी भोवती पार बांधला, बायकांनी सूत गुंडाळलं, गल्लीत कुणी गेलं की घट तिथंच लटकू लागला. सुहासिनी रोज सकाळी पाणी घालायची. पोराशी बोलावं तसं बोलायचीही, पण ते फक्त गोपीनाथला ठाऊक. साहेब आले नि बदलून गेले. देवाच्या झाडाला हात लावायला सांगणार कोण?

सांगितलं ते प्राचीमॅडमनी. सांगलीची पोरगी, नवीन इंजिनिअर, पुरात वाढलेली. तिनं पिंपळाला हात जोडले, चप्पल काढून त्याच्या भोवती फिरली आणि म्हणाली, "काका, हे काढावं लागेल. मुळं पार पलीकडे गेलीत. दिवाळीनंतर, कोरड्यात काढू. नुसतं तोडून नाही चालणार, मुळं निघाली पाहिजेत. मग थर घालून माती ठोकायची. तुम्हाला मी काय सांगू?"

तिचं बरोबर होतं. तिचं अक्षर न् अक्षर बरोबर होतं, म्हणून तर त्याला तिचा राग आला.

मजुरांनी हात वर केले. पिंपळ तोडला तर वंश बुडतो भिया, आम्ही नाही. गोपीनाथ म्हणाला, "माझा राहिलाय कुठं बुडायला?" आणि कुऱ्हाड स्वतः घेतली. निघताना सुहासिनी दारात आडवी येईल असं त्याला वाटलं होतं. ती आली नाही. त्याच्या डब्यात पोळ्या घालता घालता म्हणाली, "काटायचं तर काटा. नोकरी आहे तुमची. पण अहो, मुळाला नका हात लावू. त्याचं पाणी तिथंच पडलंय. तेवढं राहू द्या माझ्यासाठी."

त्यानं झाड तोडलं. बुंधा जमिनीखाली वीतभर उतरवला आणि मजुरांना जेवायला पाठवलं. मग एकट्यानंच मातीचे थर टाकले, धुम्मस मारमारून खांदे भरून आले, वर हरळीची ढेपळं अशी नेटकी बसवली की तिथं कधी काही होतं हे कुणाला कळू नये. मॅडम दुसऱ्या कामावर अडकल्या होत्या, दोन दिवसांनी आल्या. मुळं निघाली ना, म्हणून विचारलं. तो हो म्हणाला. मॅडमनी जागेवर उभं राहून टाच मारून बघितली आणि म्हणाल्या, असं काम बघायला मिळत नाही काका. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

नंतर फुटवे यायचे. ते तो खुडून टाकायचा, कारण फुटवा दिसला असता तर मूळही कळलं असतं. एक फुटवा मुळाच्या तुकड्यासकट सुहासिनीनं उचलून आणला आणि तेलाच्या रिकाम्या डब्यात लावला. दोन पावसाळे गेले. पाळ धड राहिली. गोपीनाथला वाटू लागलं, निभावलं.

आणि आता तिसऱ्या श्रावणात इंदिराकाकूंच्या न्हाणीपाशी चहाच्या रंगाचं पाणी.

त्यानं मजुरांना बोलावून झऱ्याभोवती वाळूच्या पोत्यांचं कडं रचलं. झऱ्याचा जोर थोडा मंदावला. पण पाणी गढूळच होतं. तेवढ्यात प्राचीमॅडम आल्या, रेनकोटातून पाणी निथळत होतं, डोळे जागरणानं लाल. खालच्या वळणावर पाळ खचायला लागली होती, माणसं नि ट्रक तिकडे हवे होते. त्या झऱ्यापाशी वाकल्या, मग वर बघत राहिल्या.

"काका, पिंपळ इथंच होता ना? मुळं सगळी निघाली होती?"

एका शब्दाचं काम होतं. नाही म्हटलं असतं तर त्या घटकेला मॅडमनी गल्ली रिकामी करायला लावली असती. गोपीनाथला हे पुरतं कळत होतं. नाही हा शब्द त्याच्या तोंडात आलाही. पण त्याच्यामागून सुहासिनीचं नाव आलं असतं, पुष्करचं आलं असतं, टाच मारून केलेली ती शाबासकी आली असती. नोकरीत त्याच्याकडे एकच गोष्ट होती, पाळीबद्दल त्याचा शब्द कुणी तपासत नसे.

"हो मॅडम. सगळी काढली होती."

"मग घुशीचं बीळ असणार. पोती आहेत तोवर धरेल. लक्ष ठेवा, मी खाली जाते." आणि त्या ट्रक घेऊन गेल्या.

त्याला वाटलं, मागून हाक मारावी. मग वाटलं, पाऊस ओसरतोय. मग वाटलं, निदान काकूंना तरी बाहेर काढावं. त्यांचे यजमान शंकरराव पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेले. खाटेसकट उचलायला चार माणसं लागली असती. तो आत गेला आणि म्हणाला, काकू, शाळेत चला ना थोडा वेळ. काकू त्याच्याकडे बघत म्हणाल्या, यांना कुठं हलवू या पावसात, पाळीला काही धोका आहे का, तू सांग, तू म्हणशील तसं करते. अबोला धरलेली बाई ती, पण पाळीच्या बाबतीत तिचा भरवसा याच माणसावर.

"धोका असा नाही," गोपीनाथ म्हणाला. "सामान तेवढं वर ठेवा."

दुपारी, माणसं जेवायला बसायच्या वेळी, पाळ फुटली. आवाज फार झाला नाही. हरळीचा तो नेटका तुकडा आधी खाली बसला, मग त्या जागी पाणी दिसलं आणि पाहता पाहता नदी गल्लीत उतरली. गोपीनाथ छातीभर पाण्यातून गेला. काकूंना दंडाला धरून त्यानं ओट्यावर, ओट्यावरून शेजारच्या जिन्यावर चढवलं. परत फिरला तेव्हा मागची भिंत आत पडली होती आणि घरात पाणी छताला टेकलं होतं. शंकररावांची खाट संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी सापडली. ते तिच्यावरच होते, पांघरूणसुद्धा अंगावर होतं.

पाणी उतरल्यावर प्राचीमॅडम आल्या. फुटलेल्या पाळीच्या कापात मुळं लोंबत होती. वरून साल शाबूत, आतून पोकळ. मॅडमनी एक मूळ ओढून काढलं, आरपार पाहिलं आणि गोपीनाथच्या हातात दिलं.

"काका, तुम्ही हो म्हणाला होतात," त्या म्हणाल्या. रागावल्याही नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. चिखलातून पाय ओढत त्या गाडीकडे गेल्या, आणि त्या पोरीच्या मानेवर आता चौकशी बसणार हे गोपीनाथला तेव्हा दिसलं.

गल्लीला मात्र कुणी काही सांगितलं नव्हतं. जो तो घुशींना शिव्या देत होता. उलट, गोपीनाथभियानं जिवावर उदार होऊन काकूंना काढलं, असं बोलत होते. ते ऐकलं की गोपीनाथ उठून जायचा. सुहासिनीनं डब्यातल्या रोपाला पाणी घालणं बंद केलं. दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलत होती. मुळांचं नाव दोघांनीही काढलं नाही. काढून काय होणार होतं?

दहन होऊन दुसऱ्या दिवशी सकाळी इंदिराकाकू दारात आल्या. शाळेतल्या छावणीतून आल्या होत्या, अंगावर कुणाचं तरी लुगडं. हातात नवं मडकं.

"गोपीनाथ, घट बांधायचाय. पाळीवरचा तर गेला. कृष्णपुऱ्याच्या समाधीछत्र्यांकडे आहे म्हणतात, पण पूल बंद केलाय आणि माझ्यानं जाववणार नाही. तुला ठाऊक असेल. जवळपास पिंपळ आहे का कुठं?"

सुहासिनी आत गेली आणि परसातून तेलाचा डबा घेऊन आली. रोप वीत-दीड वीत होतं, पानं मलूल झालेली. तिनं डबा उंबऱ्याबाहेर ठेवला, काकूंच्या हातातून मडकं घेतलं, दर्भाची काडी सारखी केली आणि पाणी भरलं. मग इकडेतिकडे बघू लागली. टांगायला काही नव्हतं. घरातले बांबू नि दोर सगळे पाळीवर गेले होते. काहीतरी आणते, असं म्हणून ती वळली.

"राहू दे. दे इकडे," गोपीनाथ म्हणाला.

त्यानं मडकं गळ्याच्या सुतळीला धरून रोपावर उचललं. भरलेलं मडकं जड होतं. पहिला थेंब डब्यातल्या मातीत पडला, मग दुसरा. काकू पायरीवर बसल्या आणि त्यांनी डोळे मिटून हात जोडले.

"काकू," गोपीनाथ म्हणाला, "पिंपळाची मुळं मी आत ठेवली होती. घुशी नव्हत्या. मला माहीत होतं. तुम्ही विचारलंत, तेव्हाही माहीत होतं."

काकूंनी डोळे उघडले नाहीत. थेंब मातीऐवजी डब्याच्या काठावर वाजू लागले. सुहासिनी भिंतीला टेकून उभी होती, तोंडात पदर धरून.

"हात हलवू नकोस," काकू म्हणाल्या. "पाणी बाहेर पडतंय."

त्यानं दुसरा हात खालून लावला आणि मडकं स्थिर धरलं. गल्लीत माणसं चिखल उपसत होती, जाता जाता थांबून बघत होती. मडकं अजून अर्ध्याच्या वर भरलेलं होतं. उद्या पुन्हा भरायचं होतं.