दर्शनाला दोन फोटो कशाला?

मी बोलतेय, राहात्याच्या भागवतदादांची सहा सिलिंडरची मोटारसायकल. पण आधी खरं सांगा, तुम्ही मला विकत घ्यायला तर आला नाहीत ना? हल्ली या कांद्याच्या चाळीत जो येतो तो माझ्यावरचं कापड उचलतो आणि विचारतो, "ॲव्हरेज किती देते हो?" माझा आता कुणावरच भरवसा राहिलेला नाही.

आमचं खानदान परदेशातलं. सगळ्या बहिणी अशाच अंगानं भरलेल्या, लांबच्या प्रवासासाठी जन्मलेल्या. पुढं मोठी काच, दोन्ही बाजूंना पेट्या, गाण्यांना स्पीकर, आणि मागं पाठ टेकून बसायला गुबगुबीत सीट. पुण्याच्या एका हौशी माणसाकडून दादांनी मला आणलं, नारळ फोडला, लिंबू-मिरची बांधली. मग दोन वर्षं मी वरातीपुरती आणि फोटोपुरती. नगर-मनमाड रस्त्याच्या खड्ड्यांत मला घालायचं त्यांच्या जिवावर यायचं. मागच्या सीटवर तर कुणाला टेकूसुद्धा दिलं नाही.

आणि एका बुधवारी दादा स्वतः मला धुवायला बसले. घरात गडी असताना! मागची सीट दोनदा पुसली. पुसता पुसता ते फोनवर म्हणाले, "कडे, उद्या तुला न्यायला येतो. शिर्डीला दर्शनाला जाऊ. आधार कार्ड घे बरं का, आणि दोन फोटो."

आता दर्शनाला दोन फोटो कशाला?

कडूबाई ही दादांची धाकटी बहीण, पाथर्डीकडं दिलेली. वडील गेल्यावर पेरूच्या बागेच्या सातबाऱ्यावर दादांसोबत तिचंही नाव लागलं. तेव्हापासून आठ वर्षं दादांनी भाऊबीजेला तिच्याकडून ओवाळून घेतलं नव्हतं. आणि आता एकदम मायेचा उमाळा? मला नाही पटलं.

पण ती बिचारी नवी साडी नेसून तयारच होती. "अय बया! दादा, ही गाडी हाय का दिवान?" म्हणत बसली. नगर मागं पडेपर्यंत हसत होती, मग रडायला लागली. "मला वाटलं, तू मला मेल्यात धरलंस." दादांनी गाण्याचा आवाज तेवढा वाढवला.

राहुरीच्या पुढं फोन वाजला. दादांचा फोन माझ्या स्पीकरला जोडलेला. तो आपोआप उचलला गेला. आपोआपच, असं मी सगळ्यांना सांगते. कागद लिहून देणारा माणूस भर रस्त्यात मोठ्यानं बोलू लागला, "भागवतराव, बहिनीचं नाव बागेवरून काढायचा कागद तयार हाय. तिला काय बोलू नका. दर्शनाआधी इकडंच आना, सही घिऊन टाकू."

फोन बंद झाला आणि गाणं पुन्हा सुरू झालं. ते बंद करायचंही कुणाला सुचलं नाही.

"थांबव," कडूबाई म्हणाली.

ती खाली उतरली. हेल्मेटचा पट्टा सुटेना म्हणून दादांनी हात पुढं केला, तर ती मागं सरली. "दादा, सरळ मागितली असतीस तर दिऊन टाकली असती रं बाग. म्या कुठं कसायला येनार हुते? देवाचं नाव कशाला घेतलंस?" मग समोरून आलेल्या एसटीला हात करून ती परत गेली. माझा जीव तिळतिळ तुटला.

तिचं नाव अजून सातबाऱ्यावर आहे. दादा मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "गाडीत कायतरी खोट हाय, काढून टाकायची." खोट म्हणे माझ्यात! वा रे वा!

परवा एक गिऱ्हाईक आलं होतं. त्यानं ना इंजिन पाहिलं, ना टायर. मागची सीट हातानं दाबून पाहिली आणि गालातल्या गालात हसलं. मला ते हसू मुळीच आवडलं नाही. न्या बाबांनो मला, कुणीही न्या. फक्त मागं ज्याला बसवाल, त्याला निघण्याआधी खरं सांगा, कुठं नेताय ते.