अर्धा सूर खाली

स्टिल्टनर कुटुंबाच्या अल्बमचं घोडं शेवटच्या गाण्यापाशी येऊन अडलं होतं. गाणं आजोबांनी रचलेलं, त्यामुळे वगळायची सोय नाही. आणि त्यातला टिपेचा सूर ऑर्बिन स्टिल्टनरच्या गळ्याला काही केल्या लागेना. डोंगरातल्या पिजन क्रीक गावच्या बंद पडलेल्या शाळेत रेकॉर्डिंगवाल्यानं एकच मायक्रोफोन उभा केला होता. त्याच्याभोवती घरचे चौघे खांद्याला खांदा लावून वाजवत होते. एकाचं चुकलं की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं.

"पट्टी जरा खाली घेऊ या का, बाबा?" लीथानं जपून विचारलं. ती थोरली लेक, बँजो वाजवायची.

"खालच्या पट्टीत अंगाई गातात," मँडोलिन खाली ठेवत ऑर्बिन म्हणाला. "माझा बाप सत्तरीतसुद्धा हे याच पट्टीत गायचा. मला जमत नसेल तर गाणंच गाळा."

सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. त्या डोंगरात गाणाऱ्याची मर्दुमकी पट्टीवरून ठरते, आणि ऑर्बिन तर जन्मभर सगळ्यांच्या वर गायलेला माणूस. लीथाला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. बाबांच्या गळ्यातलं हे गाणं नसेल तर तो अल्बम हवा कुणाला?

सगळे घेवड्याचं कालवण आणि मक्याची भाकरी खायला अंगणात गेले. लीथा आधी उठली, आत आली आणि तिनं बँजोच्या सगळ्या तारा अर्धा सूर उतरवल्या. बाकीच्यांच्या वाद्यांना हात लावायची गरजच नव्हती. हवा बदलली की सगळ्यात आधी बँजोच रुसतो, म्हणून या घरात सगळे बँजोवरून सूर घेत. सूर मिळवायच्या यंत्राचं नाव काढलं तरी ऑर्बिन भडकायचा.

"चला, सूर दे पोरी," ऑर्बिन आत येत म्हणाला.

तिनं तार छेडली. ऑर्बिनच्या मँडोलिनची खुंटी फिरली, आणखी थोडी फिरली.

"बँजोला पडसं झालंय का गं तुझ्या?"

"हवा दमट आहे, बाबा. कातडं सैल पडलंय."

"हवा तर कोरडी ठण..." फिडलवाला धाकटा गार्नेट बोलायला गेला, तेवढ्यात आईचं कोपर त्याच्या बरगडीत बसलं. मॅक्सी स्टिल्टनर आपल्या आडव्या हाडाच्या, माणसाएवढ्या बास फिडलला टेकून उभी होती, चेहऱ्यावर चर्चमध्ये असतो तसा साळसूद भाव.

चोराच्या मनात चांदणं. लीथा उगाच बँजोचं कातडं चाचपत राहिली. पण ऑर्बिननं एकेक करून आठही तारा मुकाट्यानं उतरवल्या आणि तो मायक्रोफोनपाशी सरकला.

गाणं धावत सुटलं. फिडल पुढे आलं, मागे हटलं. बँजो पुढे आला. आणि शेवटच्या कडव्याला ऑर्बिननं डोळे मिटून तो सूर लावला. लागला! नुसता लागला नाही, तिथे ऐसपैस बसला. आईचा आवाज त्याला खालून येऊन भिडला आणि लीथाला वाजवता वाजवता हसू आवरेना. संपल्यावर रेकॉर्डिंगवाला आवाज न करायचा स्वतःचाच नियम विसरून टाळ्या वाजवत बसला.

"बघितलंत?" ऑर्बिन म्हणाला. "पट्टी खाली घ्या म्हणे."

तो तोऱ्यात बाहेर पायरीवर जाऊन बसला. लीथा दोन कप कॉफी घेऊन त्याच्याकडे गेली. सांगावं की सांगू नये, तिचं ठरत नव्हतं.

"अर्धाच का उतरवलास?" त्यानं कपात बघत विचारलं. "मी माझ्या बापासाठी पुरा सूर उतरवायचो."

लीथा धपकन शेजारी बसली. "म्हणजे? आजोबा सत्तरीत गायचे ते..."

"मीच तेव्हा बँजो वाजवायचो की."

तिला इतकं हसू आलं की तिच्या कपातली कॉफी सांडली. मग तिनं विचारलं, "आणि त्यांना कधी कळलं नाही?"

ऑर्बिननं आपला कप पायरीवर ठेवला.

"आत्तापर्यंत मला तसंच वाटत होतं," तो म्हणाला. "आज खुंट्या पिळताना कळलं. तोही असाच माझ्या बँजोवरून खुंट्या उतरवायचा. म्हाताऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."